मय लोकांची पांढरी

परत येऊन महिना झाला. आमच्या तेर गावच्या पारावर रोज कोणी तरी विचारतंच, "अप्पा, तिकडं काय काय बघितलं?" आणि मी प्रत्येकाला वेगळं काही तरी सांगतो. थापा मारतो असं नव्हे. जे बघितलं ते माझं मलाच अजून नीट उमगलेलं नाही, त्यामुळं सांगताना कधी हे टोक हाती लागतं, कधी ते. गावात माझ्याबद्दल दोन मतं झाली आहेत. एक, मी कुठंच गेलो नव्हतो. दुसरं, गेलो होतो पण उन्हानं डोकं फिरवून आलो. म्हणून एकदाचं सगळं ओळीनं लिहून काढतो. वाचणाऱ्याला त्यातून काही कळलं तर त्यानं मलाही कळवावं.

मी जातीनं लिंगायत, धंद्यानं कंपाउंडर. धाराशिवच्या, म्हणजे सरकारी कागदावरच्या उस्मानाबादच्या, दवाखान्यात बाटल्या भरून कंटाळलो आणि दुसरी मोठी लढाई ऐन भरात असताना मुंबईला जाऊन एका मालवाहू आगबोटीवर औषधं द्यायला लागलो. वडिलांनी वर्षभर पत्राला उत्तर दिलं नाही. लढाई संपली त्या साली आमची बोट लाकूड भरायला अमेरिका खंडाच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात गेली. इंग्रजांचा तिथं होंडुरास नावाचा एक लहानसा मुलूख आहे. बंदरात शिरताच बॉयलर फुटला आणि दुरुस्तीला दहा-बारा दिवस लागणार असं कळलं. समुद्राचं वर्णन मी करत नाही. समुद्र सगळीकडं सारखाच खारट असतो आणि मला सगळीकडं सारखीच उलटी होते.

बोटीवर आमच्या जिल्ह्याची दोनच माणसं होती, मी आणि परंड्याचे इमामभाई. ते भट्टीत कोळसा ओढायचे. वय पन्नाशीच्या पुढं, आवाज ढोलासारखा. बॉयलर थंड पडल्यामुळं त्यांना काम नव्हतं, आणि बॉयलर थंड पडल्यामुळं कोणी भाजत नव्हतं म्हणून मलाही नव्हतं.

मंगळवार, बंदरात

बाजारात फावडी विकत घेणारा एक माणूस दिसला आणि आम्ही दोघंही जागच्या जागी थबकलो. सावळा रंग, नाक, मिशी, उभं राहण्याची ढब, सगळं आपल्याकडचं. मला तर तो कळंबच्या बाजारात बघितल्यासारखा वाटला. इमामभाई आनंदानं ओरडले, "क्या भाई, कुठलं गाव?" तो नुसता हसला. मी मराठीत विचारलं, मग मोडकं उर्दू करून बघितलं. शेवटी त्यानं इंग्रजीत सांगितलं की त्याचं नाव जोसेफ, त्याचा आजा कलकत्त्याहून उसाच्या मळ्यावर कामाला आला होता, आणि आजाच्या भाषेतले त्याला तीनच शब्द येतात. पैकी दोन 'पानी' आणि 'भाजी'. तिसरी शिवी होती. ती मात्र त्यानं इतक्या स्वच्छ उच्चारात दिली की इमामभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

हा माणूस आपला की परका, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. तो मात्र आम्हाला सोडेना. उत्तरेला किनाऱ्यावर त्याचं गाव होतं, गावाजवळ समुद्राकाठी हजारो वर्षांची पडकी देवळं होती, ती बघायला चलाच म्हणून हट्ट धरून बसला. मी औषधं देतो हे कळल्यावर तर त्याचा हट्ट दुप्पट झाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

देवळं बांधणाऱ्या लोकांचं नाव त्यानं 'माया' असं सांगितलं आणि माझ्या डोक्यात पांडवांची मयसभा उभी राहिली. जमिनीला पाणी समजून आणि पाण्याला जमीन समजून दुर्योधन जिथं फसला, ती बांधणारा मयासुर पुढं इकडं येऊन राहिला असेल काय? इमामभाईंना मी सगळी कथा सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "दुर्योधन पान्यात पडला ते ठीक हाय अप्पा. पन तुमचा मय हितवर आला कसा? त्याला उलट्या न्हाय झाल्या?"

गुरुवार, जोसेफच्या घरी

शिडाच्या होडीतले दीड दिवसाचे हाल गाळतो. गाव म्हणजे ताडासारख्या पानांनी शाकारलेली वीस-पंचवीस घरं, समोर निळा समुद्र आणि मागं काळ्या चिखलाची दलदल. जोसेफच्या घरात तिघं होती. तो, त्याची बायको मारिया आणि मारियाची आई. मायलेकी त्या मय लोकांच्या वंशातल्या. ठेंगण्या, रुंद चेहऱ्याच्या, अंगात पांढरा झगा आणि त्याच्या गळ्याला रंगीत भरतकाम. मारियाला सातवा महिना होता. म्हातारीला सगळे 'चीच' म्हणत. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ आजी.

म्हातारी बोलायची ते जोसेफ इंग्रजीत सांगायचा, मी ते माझ्या तुटपुंज्या इंग्रजीतून उचलून इमामभाईंना सांगायचो. एवढ्या चाळण्यांतून गाळून येता येता तिचं बोलणं मला आमच्या तेरच्या बायकांसारखंच ऐकू यायला लागलं. तसंच लिहितो. चुकलं असेल तर पाप माझ्या माथी.

जेवणाची पंचाईत होईल अशी मला धास्ती होती, कारण मी मासे-मटण खात नाही. पण चीचनं चुलीपुढं बसून हातावर थापत मक्याच्या पातळ भाकरी केल्या, सोबत काळ्या घेवड्याची आमटी आणि एक अशी मिरची की आपली लवंगी तिच्यापुढं गूळ. भाकरी गोड लागली. मग कळलं की मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. चुना! आपण तंबाखूला लावतो, भिंतीला लावतो. हे लोक पिठात घालतात आणि त्यांचे दात आपल्यापेक्षा बळकट. मी कंपाउंडर म्हणून यावर विचार करायचा प्रयत्न केला, पण इमामभाईंची चौदावी भाकरी चालू होती आणि विचार करत बसलो असतो तर उपाशी राहिलो असतो.

एक गोष्ट मात्र खटकली. चीच सगळ्यांना वाढायची, जोसेफला नाही. त्याचं ताट मारिया वाढायची. सासू त्याच्याकडं बघत नव्हती की त्याच्याशी बोलत नव्हती. आमचं काही विचारायचं तर ती मारियाला सांगायची, मारिया जोसेफला. मला वाटलं, असेल इथला रिवाज. आपल्याकडं नाही का, जावई आला की सासू दाराआड उभी राहते! मी कौतुकानं जोसेफला तसं बोलूनही दाखवलं. तो ताटावरून उठून हात धुवायला गेला.

शुक्रवार, पडक्या देवळांत

सकाळी जोसेफ आम्हाला भुशिरावर घेऊन गेला. तिन्ही बाजूंनी पाणी. ते पाणी इतकं उथळ आणि निळं-हिरवं की जमीन कुठं संपते ते दिसेना. दुर्योधनाला मी तिथंच माफ करून टाकलं. झाडांच्या गर्दीत दगडी पायऱ्यांचा एक उंच ढीग उभा होता. आत जायला दार नाही, गाभारा नाही, नुसत्या पायऱ्या वर चढत जातात आणि वर काहीच नाही. दर पायरी गुडघ्याएवढी. ठेंगण्या लोकांनी एवढ्या उंच पायऱ्या का बांधल्या? जोसेफला माहीत नव्हतं. बाजूच्या गिलाव्यातून एक भला मोठा चेहरा बाहेर आला होता, दात विचकलेला, डोळे बटाट्याएवढे. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं ना, तसाच. माझे हात आपोआप जोडले गेले, आणि लगेच वाटलं की हा देव आहे की राक्षस ते विचारून तरी जोडायचे. वर एक घोरपडीसारखा प्राणी ऊन खात पडला होता. त्यानं आमच्याकडं मालकानं बघावं तसं बघितलं.

खरं सांगायचं तर मला काहीच वाटेना. एवढा समुद्र ओलांडून आलो, हजारो वर्षांची वास्तू पुढ्यात आहे, तर छाती भरून यायला हवी. माझं आपलं सगळं लक्ष पायातल्या काट्याकडं. मग आम्ही देवळाच्या मागं गेलो आणि तिथं ते टेकाड दिसलं.

दोन पुरुष उंचीचं असेल. झाडं तोडून एका अंगानं उघडं केलेलं होतं, आणि आत पांढरीशुभ्र माती, तिच्यात दगडांचे थर, खापरांचे तुकडे. मी आणि इमामभाईंनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही एकदमच वाकलो.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं काळीत पेरायचं आणि पांढरीवर राहायचं. पांढरी म्हणजे पिढ्यान् पिढ्या गाव वसून, घरं पडून, पुन्हा बांधून तयार झालेली माती. तेरमध्ये तर जुन्या पांढरीची टेकाडंच आहेत. आमच्या घरांवर माळवद असतं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत, आणि त्यावर दर उन्हाळ्यात हीच जुनी पांढरी आणून धुमसतात, म्हणजे ठोकून बसवतात. ती गळत नाही. चांगली पांढरी ओळखायची खूण एकच, ओली करून बोटांत वळायची आणि चिमूटभर जिभेवर ठेवायची. खारट लागली तर अस्सल, कारण खारट मातीवर गवत धरत नाही.

इमामभाईंनी थुंकी लावून गोळी वळली. भेग पडली नाही. "अप्पा, चाखा की! लई अव्वल माल हाय. परंड्यात निघाली तर मारामाऱ्या होतील."

मी चाखली. खारट होती. "पण इमामभाई, हा खारटपणा पांढरीचा का समुद्राचा?"

"हौ, ते बी हाय." त्यांनी आणखी एक चिमूट तोंडात टाकली आणि डोळे मिटून विचार करायला लागले. मीही दुसरी टाकली.

तेवढ्यात मागून आवाज आला. चीच पाण्याचा भोपळा घेऊन उभी होती. ती कधी आली कळलं नव्हतं. ती जोसेफकडं बघून म्हणाली, "ही मानसं माती कामून खायलीत?"

जोसेफच्या हातातली काठी गळून पडली. त्यानं आम्हाला त्या वाक्याचा अर्थ सांगितला आणि तिथंच दगडावर बसला. म्हणाला, "दोन महिन्यांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली."

मग सगळं बाहेर आलं. रिवाज वगैरे काही नव्हता. गावाहून तालुक्याच्या गावाला, जिथं डॉक्टर आहे तिथं जायला रस्ता नाही. मध्ये दलदल. मागच्या वर्षी मारियाचं पोट दुखायला लागलं तेव्हा उत्तरेचा वारा सुटलेला होता, तरी होडीतूनच नेली. होडीतच मूल गेलं. ती कशीबशी वाचली. त्यानंतर जोसेफ गावाच्या मागं लागला, रस्त्याचा मुकादम झाला, माणसं जमवली. पण दलदलीत टाकायला दगड हवेत, आणि चार कोसांत दगड असलेली जागा ही एवढीच. मोठ्या देवळाला तो हात लावणार नव्हता, हे मागचं टेकाड फक्त न्यायचं होतं. त्यानं झाडं तोडली त्या दिवशी चीच टेकाडावर जाऊन बसली आणि घरात मुकी झाली. मूल व्हायला दोन महिने उरले होते आणि पाऊस त्याआधी येणार होता.

"तुम्ही खऱ्या इंडियाची माणसं," जोसेफ मला म्हणाला. "त्यात तू औषधवाला. तुझं ती ऐकेल. तिला सांग की ते नुसते दगड आहेत."

मला राग आला. पाहुणा म्हणून आणलं आणि वकीलपत्र हातात दिलं! पण राग धरायलाही जमेना. अडलेल्या बाईच्या बाबतीत एकेक तास म्हणजे काय असतं हे मी दवाखान्यात बघितलेलं आहे. आणि समोर ती म्हातारी भोपळा छातीशी धरून माझ्या तोंडाकडं बघत होती.

दुपारी, चीचच्या अंगणात

चौघं गोल करून बसलो. मारिया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. 'नुसते दगड आहेत' हे वाक्य मी मनात तीन वेळा म्हणून बघितलं, पण ते तोंडातून निघेना. मग जे खरं होतं तेच सांगितलं. माती का खाल्ली ते सांगितलं. आमच्या गावातही असंच टेकाड आहे, त्यातूनही मणी आणि खापरं निघतात, आणि ती माती आम्ही घरासाठी आणतो, हे सांगितलं.

"फुकट? न इचारता?" चीचनं विचारलं.

म्हटलं, तसं नाही. पहिली पाटी घरातली सगळ्यात वडील बाई भरते आणि स्वतःच्या डोक्यावरून आणते. निघताना 'आई, निवाऱ्याला नेते, राग धरू नको' एवढं म्हणते. मग बाकीच्यांनी फावडी लावायची. माझी आई अजून म्हणते.

मग तिनं भलतंच विचारलं. "तुमच्यात मेलेल्या मानसाचं काय करतेत?"

"आमच्या जातीत जाळत नाहीत. बसवून मूठमाती देतात."

"बसवून?" ती पुढं झुकली. "हितं बी बसूनच हायेत. माज्या मालकानं त्या टेकाडावर खांब रोवाया खड्डा घेतला तवा एक जण दिसला. गुडघं पोटाशी घेऊन बसल्याला. लगेच बुजवला आमी."

जोसेफ हे ऐकून चकित झाला. एवढ्या वर्षांत त्याला कोणी सांगितलं नव्हतं. इमामभाईंनी टोपी नीट केली आणि मान खाली घातली.

चीचनं मला विचारलं, "तुमचं ते माळवद असतं कुठं?"

मी डोक्यावर बोट दाखवलं.

"मंजे तुमी त्यास्नी डोक्यावर घेताव," ती म्हणाली. "ह्यो चाकाखाली घालनार हाय."

समजूत घालायला बसलो होतो आणि तिच्या हातात काठी देऊन मोकळा झालो. तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं आणि जोसेफचंही शंभर टक्के पटत होतं, आणि या दोन्हींची बेरीज मला करता येईना. मी इमामभाईंकडं बघितलं. ते म्हणाले, "मेरेकू नक्को पूछो अप्पा. मैं भट्टीवाला आदमी."

जोसेफ उठून चालता झाला. तेव्हा इतका वेळ गप्प असलेली मारिया बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही. एक हात कमरेवर, दुसरा पोटावर ठेवून तिनं आईला फक्त विचारलं, आणि आम्हाला कळावं म्हणून इंग्रजीतही म्हणाली, "मग म्या कुठून जाऊ?"

चीच चूल फुंकायला आत गेली.

शनिवार सकाळी

आम्ही निघायची तयारी करत होतो. होडी भरतीवर सुटणार होती. चीच घरात नव्हती. मला वाटलं, आमचं तोंडही बघायची तिची इच्छा उरली नाही, आणि ते मनाला फार लागलं. मग मारियानं टेकाडाकडं बोट दाखवलं.

ती टेकाडाच्या पायथ्याशी बसली होती. मक्याची पातळ पेज मातीवर ओतलेली दिसत होती, ती अजून मुरायची होती. हातानंच दगड आणि माती उकरून तिनं एक पाटी भरली होती, आणि डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून ती कोणाची तरी वाट बघत होती. मला बघितल्यावर तिनं पाटीकडं मान हलवली. उचलून दे.

मी वाकलो. दोन दगड, पांढरी माती, एक खापर, आणि मातीत अर्धवट बुडालेलं बोटाचं एक पेर. मी कंपाउंडर आहे. ते कोंबडीचं हाड नव्हतं एवढं मला कळलं. मी तिच्याकडं बघितलं. तिलाही माहीत होतं. तिनं मूठभर माती घेऊन ते पेर झाकलं, एखाद्याच्या अंगावर पांघरूण ओढावं तसं, आणि पुन्हा मान हलवली. मी पाटी तिच्या डोक्यावर दिली. वजनानं तिची मान जराही थरथरली नाही.

दलदलीचा काठ तिथून अर्धा कोस असेल. साठी उलटलेली बाई, अनवाणी, उन्हात. जोसेफ धावत आला आणि पाटी घ्यायला हात पुढं केला, तिनं तो बाजूला सारला. इमामभाईंनी हात पुढं केला, त्यांनाही नाही. मग आम्ही सगळेच मागून चालायला लागलो. घरांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. चालता चालता ती काही तरी पुटपुटत होती. त्यातलं मला अक्षरही कळलं नाही आणि ते कोणी इंग्रजीत सांगावं अशी इच्छाही झाली नाही. मी रडत होतो. का रडत होतो ते मी इथं लिहिणार होतो, पण लिहायला बसलो तर तीन कारणं सुचली आणि तिन्ही खोटी वाटली.

काठाला आल्यावर तिनं पाटी उपडी केली नाही. खाली बसून एकेक दगड हातानं चिखलात लावला, वरून माती पसरली आणि तळव्यानं थापली. भाकरी थापायची तसंच. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि स्वतः त्यावर उभी राहिली. पायाखाली काही खचतंय का ते बघितलं. खचलं नाही.

ती बाजूला झाली आणि तिनं मारियाला हाक मारली.

"ये पोरी," ती म्हणाली. "हितून जा."

मारियानं पायातल्या वहाणा काढल्या आणि आईचा हात धरून त्या दगडांवर पाऊल ठेवलं.